वामनरावांच्या जेवणाची वही

८ जून २०२५, रविवार

वही आजपासून, कारण आठवणीवर भागेना. मासा आणून अकरा दिवस झाले आणि त्याने नक्की काय खाल्लं हे मला सांगता येत नाही. बहुतेक काहीच नाही.

मासा म्हणजे गोड्या पाण्यातली लहान वाम. दुकानात 'पीकॉक ईल' म्हणून मिळते; शेपटीकडे पाठीच्या पराच्या बुडाशी मोरपिसाच्या डोळ्यासारखे काळे ठिपके असतात, त्यावरून. शास्त्रीय नाव मॅक्रोग्नॅथस सियामेन्सिस. नावात ईल असली तरी ही खरी ईल नव्हे. खरी ईल म्हणजे आपल्या नद्यांतली अहिर, आणि कोकणात वाम म्हणून ताटात येते ती समुद्रातली, तिसरीच. भीमेच्या खोऱ्यात मोठी वाम मिळते, तिची ही थायलंडकडची चुलतबहीण. बहीण म्हणायचं खरं, पण आईने पहिल्याच दिवशी 'वामनराव' नाव ठेवलं. नर की मादी हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे मीही वाद घातला नाही.

काचेला बाहेरून पट्टी लावून मोजलं: १३ सेंमी. डोक्यामागे पाठीची कड धारदार दिसते. हे चांगलं लक्षण नाही.

टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी नव्वद-पंच्याण्णव लिटर. तळाला दोन इंच वाळू, चाळून आणि सतरा वेळा धुऊन घेतलेली नदीची. हल्ली बांधकामावर सगळीकडे क्रश सँड असते, ती नको. ती फोडलेल्या काळ्या दगडाची, कडा धारदार. वामनराव दिवसभर वाळूत गळ्यापर्यंत पुरून घेतात, आणि त्यांच्या अंगावरचे खवले नावापुरते. बाकी रहिवासी: सहा खुली लोच (तळाशी राहणारे, मिशांचे बारीक मासे) आणि न मोजलेल्या ट्रम्पेट गोगलगायी.

दुकानदार म्हणाला होता, "काहीही खातो मॅडम, खालचं उरलंसुरलं साफ करतो." तळाचे मासे म्हणजे घरात ठेवलेला सफाई कामगार, ही समजूत कुणी पसरवली देव जाणे. तळाला राहणारा मासा तळातली जिवंत शिकार खातो. उरलेलं पेलेट, म्हणजे तयार खाद्याची गोळी, ही त्याच्या लेखी खडी.

उद्दिष्ट: दिवाळीत आम्ही आठ दिवस बाहेरगावी जाणार. तोवर वामनरावांना असं काहीतरी खाता आलं पाहिजे, जे डब्यात ठेवता येईल आणि शेजारचं माणूस न किंचाळता टाकू शकेल.

११ जून

ट्युबिफेक्स आणले. हे किडे गटारातल्या गाळात वाढतात, म्हणून उथळ ताटलीत ठेवून दिवसातून तीनदा पाणी बदललं, दोन दिवस. ताटली फ्रिजमध्ये. आईला "बियाणं आहे" सांगितलं. तिने झाकण उघडून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

रात्री साडेनऊला टाकले. सोंड बाहेर आली. त्या सोंडेच्या टोकाला दोन बारीक नळ्या असतात, त्या नाकपुड्या. त्या हलवत हलवत तो हुंगत आला आणि सुर्रकन ओढून घेतले. म्हणजे आजारी नाही. फक्त उपाशी.

अडचण अशी की निम्मे किडे वाळूत शिरून तिथेच संसार थाटतात.

१५ जून

सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातून चार गांडुळं आणली. फुकटची, घरची, ताजी. वामनरावांनी एक तोंडात घेतलं, डोकं झटकलं आणि थुंकलं. दुसरं हुंगून परत गेले. खतातली तांबडी गांडुळं दाबली की पिवळसर, घाण वासाचा रस सोडतात. त्यांच्या जातीचं नावच मुळी फेटिडा, म्हणजे दुर्गंधी. खड्ड्याला चांगली, तोंडाला नाही.

मग गच्चीतल्या कुंडीखालचं साधं मातीतलं गांडूळ आणलं. यंदा पाऊस मे महिन्यातच आल्याने ती वरच्यावरच सापडतात. रात्रभर ओल्या कागदात ठेवलं, पोटातली माती निघून जावी म्हणून. दोन सेंमीचे तुकडे. चार सेकंदांत गट्टम.

१७ जून

फ्रोझन ब्लडवर्मचा, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांचा, अर्धा क्यूब. सकाळी तळ स्वच्छ. खाल्लं!

२० जून

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, दुकानापर्यंत जाता आलं नाही. घरातल्या उरलेल्या क्यूबवर भागवलं. पुन्हा सकाळी तळ स्वच्छ. तरीही पाठीची कड तशीच धारदार. खातोय तर जातंय कुठे?

२४ जून

मोबाइलच्या टॉर्चला वाढदिवसाच्या फुग्यांबरोबर आलेला लाल जिलेटिन कागद गुंडाळला. लाल उजेडाला तो फारसा बिचकत नाही. साडेनऊ ते पावणेअकरा टाकीसमोर पाटावर बसले.

जे दिसलं ते असं: ब्लडवर्म खाली पोचायच्या आत सहाही खुल्या येतात, मिशांनी वाळू उकरतात आणि दहा मिनिटांत फडशा पाडतात. उरलेलं गोगलगायी. वामनराव एकदा आले, हुंगलं, परत फिरले.

१७ आणि २० तारखेच्या नोंदी खोट्या आहेत. खोडत नाही, दिसू देत. इथून पुढे 'खाल्लं' फक्त तोंडात जाताना पाहिलं तरच लिहायचं. नाहीतर 'गायब'.

२५ जून

रात्रभर विचार केला. कुंडीतलं गांडूळ म्हणजे त्याच्या ओळखीच्या किती गोष्टी एकत्र: वास, वळवळ, लांबुळका आकार, मऊपणा. गोठवलेल्या ब्लडवर्ममध्ये मी वास बदलला, वळवळ काढून घेतली, आकार बारीक केला, आणि वर दरवेळी वेगळ्या कोपऱ्यात टाकला. चारही खांब एकदम काढले आणि मांडव पडला म्हणून रडते आहे.

आता एका वेळी एकच.

आधी जागा आणि वेळ. मागच्या दिवाळीतली मातीची पणती घेतली, बिनरंगाची, तेल न लागलेली. डाव्या कोपऱ्यात वाळूत तिच्या कडेपर्यंत रोवली. वर इलेक्ट्रिशियनकडून उरलेला पांढरा पाइप, पाण्यातून सरळ पणतीवर उतरणारा. दिवा साडेआठला बंद, पंधरा मिनिटांनी पाइपमधून गांडुळाचे तुकडे. त्याआधी टाकीच्या उजव्या टोकाला खुल्यांना पेलेट, म्हणजे त्या तिकडे गुंततात. पंगत दोन ठिकाणी, एकाच वेळी.

३० जून

सलग पाच रात्री. आज दिवा बंद होताच वामनराव पणतीशेजारी सोंड काढून हजर. तुकडा पडायच्या आधीच.

एक खुली पणतीत बसलेली सापडली. हाकलली.

४ जुलै

दुसरा बदल: मेलेलं गांडूळ. तेच, तिथेच, तेव्हाच, पण वळवळ नाही. गोठवून मग वितळवलं. गोठवल्याने ते लिबलिबीत होतं आणि रस सुटतो, वास उलट जास्तच पसरतो. पहिल्या रात्री हुंगून थांबला. मग लांब चिमट्यात तुकडा धरून जरा थरथरवला. घेतला. तीन तुकडे, तिन्ही पाहिले. खाल्लं.

६ जुलै, आषाढी एकादशी

आई पहाटे पाचला उठली आणि तिने मला हाक मारली ती घरातल्या दिव्यांसकट सगळे उठतील अशी. वामनराव जमिनीवर. फिल्टरच्या पाइपसाठी झाकणात ठेवलेली फट बोटभर, त्यातून निघाले आणि टीपॉयखाली जाऊन पडले. अंगाला धूळ, केस, एक साबुदाणा. मेलेच असं समजून कागदावर उचलायला गेले तर वळले.

टाकीतल्याच पाण्यात धुऊन सोडलं. औषध काही घातलं नाही. या जातीला तांब्याची आणि मॅलाकाइट ग्रीनची औषधं सोसत नाहीत, आणि घाबरून बाटली उपडी करण्याने रोगापेक्षा जास्त मासे मरतात. फटीत स्पंज कोंबला. वाम निसटते हे वाचलं होतं. वाचणं आणि फट बुजवणं यांत अकरा दिवस अधिक एक महिना गेला.

आई: "एकादशीला घर सोडून निघाले होते. पंढरपूरच गाठलं असतं."

१० जुलै

चार दिवस तोंड दाखवलं नाही. आज पणतीत मेलेलं गांडूळ, चिमटा न हलवता. सात मिनिटं वाट पाहिली. खाल्लं. मी नुसतंच "वा" म्हटलं तर शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, "जेवले का?"

१४ जुलै

तिसरा बदल: वास. कोळंबी. सोलून, पाठीचा काळा धागा काढून, काडेपेटीच्या काडीएवढ्या पट्ट्या कापल्या. आकार गांडुळाचाच ठेवला. पहिल्या रात्री थुंकली. दुसऱ्या रात्री पट्ट्या गांडुळाच्या वितळलेल्या रसात अर्धा तास भिजवल्या: एक घेतली, एक थुंकली. आज तिसऱ्या रात्री तिन्ही घेतल्या.

एवढ्याने हुरळून जायला नको. कच्च्या कोळंबीत थायामिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी-१ मोडून टाकतं. रोज नुसती कोळंबी घातली तर सहा महिन्यांनी वेगळंच दुखणं उभं राहील. ही पायरी आहे, मुक्काम नाही.

१८ जुलै

काल सोसायटीची टाकी धुतली, आज टँकर. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, माझ्या मीटरवर एरवी ऐंशीच्या आसपास असतो, खडकवासल्याचं पाणी मऊ. टँकरचं ४१०. साप्ताहिक पाणीबदल रद्द. पाण्यात बदल आणि जेवणात बदल एकाच आठवड्यात केला तर रुसवा कशाचा हे कळायचं नाही.

२४ जुलै, दीप अमावास्या

उद्या श्रावण. आज आईने दिवे घासता घासता फर्मान काढलं: उद्यापासून महिनाभर फ्रीझरमध्ये कोळंबी नाही. मी म्हटलं, ती माशासाठी आहे. "मग माशाला सांग श्रावण आहे म्हणून."

गांडुळांचं काय, विचारलं. बराच वेळ विचार करून निर्णय: कुंडीत आहे तोवर हरकत नाही, खलबत्त्यात आलं की आहे.

खरं सांगायचं तर या फर्मानानेच गाडी पुढे सरकली. नाहीतर मी कोळंबीवर आळशासारखी थांबले असते.

२७ जुलै

शेजारच्या काकू रत्नागिरीच्या. त्यांच्याकडे श्रावण फक्त सोमवार आणि शनिवार. त्यांच्या फ्रीझरचा एक कप्पा आणि ओट्याचा एक कोपरा मिळाला. मोबदल्यात सगळा प्रयोग त्यांना समजावून सांगायचा.

बेत असा: बुडणाऱ्या पेलेटची पूड, थोडा गांडुळाचा लगदा, आणि हे बांधायला चायना ग्रास. प्राण्यापासून केलेलं जिलेटिन टाकीच्या २८ अंश पाण्यात सैल पडतं. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळाचं. उकळल्याशिवाय ते विरघळत नाही. थंड होताना चाळीस अंशांच्या खाली आलं की गोठतं, आणि एकदा गोठलं की ८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. म्हणजे उकळायचं, बोट सोसेल इतकं निवू द्यायचं, आणि गोठायच्या आत बाकीचं ढवळायचं. लगदा शिजत नाही, वास मरत नाही.

१०० मिली पाण्याला २ ग्रॅम चायना ग्रास. वडी सुंदर झाली. काकू म्हणाल्या, खरवसासारखी दिसते. वामनरावांनी चावली आणि थुंकली. मी बोटाने दाबून पाहिली: रबर.

३० जुलै

१ ग्रॅम. आता लिबलिबीत, गोठवलेल्या गांडुळासारखी. पण सुरीने कापलेल्या चौकोनी तुकड्यांकडे बघतच नाहीत. पट्ट्या कापल्या तर मोडतात. आकार हा खांब मी पुन्हा विसरले होते.

३ ऑगस्ट, रविवार

शेवेसाठी आईचा सोऱ्या मागायची हिंमत नव्हती. जुन्या बाजारात गेले, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिल्याच गालिच्यावर पितळी सोऱ्या, देखणा, आजीच्या काळातला. हात लावून परत ठेवला. पितळेत तांबं. एवढ्याशा वेळात किती उतरणार हा प्रश्न आहेच, पण या माशाच्या बाबतीत मला त्याचं उत्तर शोधायचं नाही. पुढे स्टीलचा मिळाला, बारीक शेवेच्या ताटलीसकट. दीडशे म्हणाला, शंभराला दिला, वर विचारलं, "ताई, चकलीची ताटली नको?"

गोठलेली वडी सोऱ्यात घालून दाबली. पडली ती गांडुळासारखी शेव, लांब, मऊ, जरा वाकडी. ताटात सुटी पसरून गोठवली, मग डब्यात.

रात्री पावणेनऊ. पाइपमधून दोन काड्या. पाण्याच्या प्रवाहाने त्या पणतीत जराशा हलल्याही. वामनराव आले, नाकपुड्या फिरवल्या, एक ओढली, आत गेली, आतच राहिली. दुसरी. खाल्लं.

१० ऑगस्ट

लगद्याचं प्रमाण उतरवत आहे. पेलेटची पूड आणि लगदा आधी दोनास एक; गुरुवारपासून पाचास एक. फरक एवढाच की यायला मिनिटभर जास्त लागतं.

काकूंनी विचारलं, वासच हवाय तर सुका जवळा का नाही? मी महिनाभर गांडुळं खणते आहे आणि यांच्या बरणीत उत्तर. जवळा धुऊन, पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून (मीठ असलं तर जावं), पुन्हा वाळवून पूड केली. काकूंच्याच मिक्सरमध्ये. आमच्या घरात वास आलाच, आईने उदबत्ती लावली, बोलली काही नाही.

पुढची शेव अर्धी अशी: गांडूळ निम्मं, जवळा निम्मा.

१६ ऑगस्ट

गांडूळ शून्य. पेलेटची पूड पाच भाग, जवळ्याची पूड एक भाग, १ टक्का चायना ग्रास. पहिल्या रात्री हुंगून परत. दुसऱ्या रात्री एक. आज तीन काड्या, तिन्ही पाहिल्या.

जाता जाता तीच पेलेट पाण्यात मऊ करून पणतीत ठेवून पाहिली. नाही. बोटाने चुरून, नाही. शेवेत तीच पूड आहे, तोच वास आहे, पण गोल गोळी म्हणजे अन्न हे त्याला पटत नाही. मी हा नाद सोडला. मासे पाळणाऱ्यांत 'माझा पेलेट खातो' हा एक मानाचा तुरा असतो. मला डब्यात राहणारं आणि पोषक काहीतरी हवं होतं, ते मिळालं. पेलेट खुल्यांना.

२० ऑगस्ट

दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. खडकवासल्यातून विसर्ग सुरू. रात्री पाच तास वीज नव्हती, बॅटरीवरचा एअर पंप लावला. अन्न दिलं नाही. पाणी फिरत नसताना उरलेलं कुजू नये. वामनराव पणतीपाशी बसून होते. दिवा गेला की जेवण, एवढंच त्यांना माहीत, आणि दिवा तर सगळ्या गल्लीचा गेलेला.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. टाकी आरतीच्या जागेपासून लांब आहे तरी झांजांनी खुल्या पळाल्या. वामनराव वाळूत. साडेआठला आरती म्हणून दिवा नऊला बंद केला, चालून गेलं.

लांबी १५ सेंमी. पाठीची कड आता दिसत नाही, डोक्यामागे गोलाई आली आहे.

७ सप्टेंबर

विसर्जन झालं. दिवाळीआधीची रंगीत तालीम: तीन रात्री काकूंनी जेवण द्यायचं, मी शेजारच्या खोलीत, बोलायचं नाही.

पहिल्या रात्री त्यांनी दिवा चालू ठेवूनच टाकलं, "बिचाऱ्याला दिसायला नको का?" गायब, वामनरावांनी नाही. दुसऱ्या रात्री दिवा बंद केला, पण उजव्या टोकाला पेलेट टाकायचं राहिलं. सगळी शेव खुल्यांच्या पोटात. तिसऱ्या रात्रीसाठी पाइपवर चिकटपट्टी लावून लिहिलं: आधी खुल्या, मग दिवा, मग पंधरा मिनिटं, मग शेव.

शेवेचा डबा भरलेला आहे, दिवाळीच्या आठ रात्रींना पुरून उरेल. पणतीवर हिरवं शेवाळ चढलंय, पण बदलत नाही. नवी पणती म्हणजे पुन्हा नवा खांब.

आत्ता नऊ वाजून चार मिनिटं. काकूंनी स्वयंपाकघरातून कागद आणला आणि त्यावर लिहून माझ्यासमोर ठेवला, कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं: 'दोन त्यांनी खाल्ल्या, तोंडात जाताना पाहिलं. तिसरी खुलीने पळवली. तुमच्या खुल्या फार आगाऊ आहेत.'